अर्ध्यावर राहिलेला स्वेटर

पुष्कळ घरांत ट्रंकेच्या तळाशी, जुन्या पातळात गुंडाळलेला एखादा अर्धवट स्वेटर असतो. आमच्याही घरी होता. 1998 च्या हिवाळ्यात आईने तो वडिलांसाठी विणायला घेतला होता. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. दुसरी बाही निम्म्यावर आली आणि वडील गेले. आईने सुयांसकट सारे बांधून ठेवले. गेल्या दिवाळीत ते गाठोडे तिनेच माझ्या पत्नीपुढे ठेवले. म्हणाली, "सूनबाई, मला आता टाके दिसत नाहीत. तू पुरा कर." मी पडलो गणिताचा मास्तर, तेव्हा हिशेब माझ्याकडे आला.

असे काम हाती घेताना लगेच विणायला बसू नये. आधी विणलेले नीट पाहावे. प्रथम ते उजेडासमोर धरावे, म्हणजे कसरीने पाडलेली भोके दिसतात. लोकर खाते ती पतंगाची अळी, पतंग नव्हे.

मग ओळी मोजाव्यात. सुलट बाजूला प्रत्येक टाका गव्हाच्या लोंबीतल्या दाण्यांच्या जोडीसारखा दिसतो. एकावर एक अशा जितक्या जोड्या, तितक्या ओळी. पुऱ्या झालेल्या बाहीवर आम्ही मोजले, तेव्हा दर सहाव्या ओळीला टाके वाढवलेले आढळले. कागदावर काही लिहिलेले नव्हते. पण विणीत सारे होते.

यानंतर हाताचा प्रश्न. कोणाचा हात सैल, कोणाचा घट्ट. आईच्या विणीत 4 इंचांत 22 टाके बसत होते. पत्नीने त्याच सुयांवर नमुन्याचा तुकडा विणला, तर 24 बसले. शिक्षकमंडळींनी हे त्रैराशिक वर्गात जरूर घालावे: 66 टाक्यांची बाही आईच्या हाताने 12 इंच रुंद होते, सुनेच्या हाताने 11 इंच. दोन टाक्यांचा फरक, पण बाही दंडाला आवळते! यावर उपाय म्हणजे जाड सुई. आपल्याकडच्या जुन्या मापात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. म्हणून 10 नंबर ठेवून 9 नंबर घेतला. पुन्हा नमुना विणला, 22 टाके बसले.

आता खरी अडचण आली. सुईवरच्या शेवटच्या दहा ओळी बाकीच्यांहून घट्ट होत्या. वडिलांच्या उशाशी बसून, रात्री जागून आईने त्या विणलेल्या. त्या तशाच ठेवल्या तर बाहीला करकोचा पडणार. उसवायच्या तर हात धजेना. पत्नी सुई धरून नुसती बसली. तेव्हा आईच म्हणाली, "उसव गं. उसवल्यानं लोकर कुठं जात नाही."

शास्त्रदृष्ट्याही हे अगदी खरे आहे. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे वेगवेगळे धागे असतात. हातविणीत एकच धागा फाशातून फासा काढीत जातो. म्हणून तो न कापता उलगडतो. मात्र उसवलेली लोकर कुरळी होते. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवावी, न पिळता सावलीत वाळवावी. ती सरळ होते. हे काम आईने केले. त्याला बारीक नजर लागत नाही.

बाही जुन्या लोकरीत पुरी झाली. गळपट्टीला नवी लोकर लागली. एकच रंग वेगवेगळ्या वेळी चढवला की छटा थोडी बदलते, म्हणून नवी लोकर बाहीच्या मध्येच न जोडता गळ्याशी घ्यावी. तिथे फरक मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

पौषात मी तो स्वेटर अंगात घातला. आईने बाहीवरून बोट फिरवले आणि सुनेचा हात कुठे सुरू होतो ती जागा बरोबर सांगितली. मग म्हणाली, "असू दे. थंडीला ते कळत नाही."