गृहनिर्माण संस्थांच्या आवारातील भटकी कुत्री आणि अन्न देण्याचे नियमन

नागरी सहजीवनात प्राणिमात्रांविषयीची करुणा आणि रहिवाशांची सुरक्षितता यांतील संघर्ष ज्या प्रश्नात ठळकपणे दिसतो, तो म्हणजे गृहनिर्माण संस्थेच्या आवारात भटक्या कुत्र्यांना अन्न घालण्याचा प्रश्न होय. सर्वसाधारण सभेत बंदीचा ठराव होतो, तो सूचनाफलकावर लागतो आणि वाद पोलीस ठाण्यापर्यंत जातो. वस्तुतः हा प्रश्न बंदीपेक्षा जागेचा अधिक आहे.

कुत्रा हा हद्द राखणारा प्राणी आहे. जेथे नियमितपणे अन्न मिळते, ती जागा तो आपली मानतो आणि तेथे येणाऱ्या अनोळखी माणसावर धावून जाऊ शकतो. जिन्याच्या पायथ्याशी शिळी पोळी टाकली जात असेल तर जिना हीच त्याची हद्द ठरते. पोळी टाकणाऱ्यास त्याचा उपद्रव होत नाही. तो होतो पहाटे वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाला. अशा अन्न घालण्यास परावृत्त करणे योग्यच आहे. मात्र कचऱ्याचे डबे उघडे ठेवून केवळ पोळीवर बंदी घालणाऱ्या संस्थेस फारसे काही साध्य होत नाही.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मधील नियम २० अन्न देण्याची व्यवस्था रहिवासी संघटनेवरच सोपवतो. मुलांच्या खेळाची जागा, जिने व प्रवेशद्वारे यांपासून दूर जागा ठरवावी, मुले व ज्येष्ठ नागरिक यांची ये-जा पाहून वेळ नेमावी आणि तेथे घाण होऊ देऊ नये, असे त्यात अभिप्रेत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी रस्त्यावर अन्न घालण्यास मनाई करून प्रत्येक प्रभागात स्वतंत्र जागा निश्चित करण्याचे निर्देश दिले. त्याच आदेशानुसार निर्बीजीकरण व लसीकरण केलेली कुत्री, रेबीजबाधित वा आक्रमक नसल्यास, मूळ परिसरातच परत सोडावयाची आहेत.

येथेच अन्न देणाऱ्या व्यक्तीचे महत्त्व लक्षात येते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यामुळे कुत्र्यांचे लसीकरण अटळ आहे. परंतु त्यासाठी कुत्रे हाती लागावे लागते, आणि ते ओळखीच्या हाताकडेच येते. ठराविक जागी, ठराविक वेळी येणारा कळप मोजता येतो. कोणती मादी निर्बीजीकरणाविना राहिली, हेही समजते. अन्न देणाऱ्यास हुसकावून लावणारी संस्था ही माहिती गमावते, कुत्री मात्र आवारातच राहतात.

संस्थांच्या ठरावांत 'बंदी' हा शब्द असतो; जागा, वेळ आणि जबाबदार व्यक्ती यांचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो.