ओल असूनही तूर का वाळते?

जैनथ गावच्या काळ्या रानात कपाशीच्या जोडीला तूर असते. फुलोऱ्यातली तूर जमिनीत ओल असूनही वाळू लागली, तर खोड उभे चिरून पाहावे. आत काळपट रेषा दिसल्या, की तो मर रोग. फ्युजेरियम उडम ही बुरशी मुळांतून शिरते, पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद पाडते आणि पुढे धसकटांत काही वर्षे तग धरते.

पण एकाच शेतातही माती सारखी नसते, त्यामुळे रोगही बदलतो. पाणी साचणाऱ्या खोलगट भागात फायटोप्थोराचा करपा बळावतो. तापलेल्या कोरड्या जमिनीत मॅक्रोफोमिनाची मूळकूज. ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी अशा रोगबुरशींना आवर घालते आणि शेणखतावर चांगली वाढते. म्हणून ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया, ज्वारीचे आंतरपीक आणि पिकाची फेरपालट करावी. माती तपासताना खोलगट भागाचा आणि उंचवट्याचा नमुना वेगळा घ्यावा.