मिठी : अर्थ आणि वापर

इंदूर-ग्वाल्हेरकडे आपली मुले मराठीपेक्षा हिंदीच जास्त ऐकतात. त्यामुळे 'मिठी'सारखा साधा शब्दही त्यांना गोंधळात टाकतो. हिंदीत 'मीठी' म्हणजे गोड, आणि लहान मुलांच्या बोलीत 'मिट्ठी' म्हणजे पापा. मराठीत 'मिठी' म्हणजे दोन्ही हातांचा घट्ट विळखा.

या शब्दात माया आहे, तशी पकडही आहे. मूल आईला मिठी मारते, आई त्याला मिठीत घेते. वेलही झाडाला मिठी घालते. पण 'मगरमिठी' म्हणजे सहजी न सुटणारी पकड. सावकाराच्या कर्जाची असते, तशी व्यसनाची. 'मृत्यूच्या मिठीतून सुटला' म्हणतो, तेव्हाही पकडच मनात असते.

जवळचे शब्दही सारखे नाहीत. 'आलिंगन' बोलण्यापेक्षा लिहिण्यात शोभते. 'गळाभेट' सणासमारंभातही होते. 'कवटाळणे' यात सोडायची तयारीच नसते. जुन्या मराठीत 'क्षेम देणे' म्हणजे आलिंगन देणे. क्षेम म्हणजे खुशाली.

एक फरक मात्र मुलांना जरूर सांगावा. मराठीत लेक आईच्या गळ्यात पडते ती मायेने. हिंदीत 'गले पड़ना' म्हणजे नकोसे असताना चिकटणे.

नातू 'आजीच्या गळे लागतो' म्हणाला, तर आपण हसू नये. 'ये, मिठी मार' असे रोज म्हणावे. कानावर पडलेला शब्द आपोआप तोंडी बसतो.