वसतिगृहातून हिमशिखराकडे

जुलै महिना लागला, की कोल्हापूरच्या तरुणांचे पाय पन्हाळ्याकडे वळतात. पन्हाळगड ते पावनखिंड ही पायी मोहीम दरवर्षी भर पावसात निघते. १६६० सालच्या जुलैमध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून याच वाटेने विशाळगडाकडे गेले. महाराजांचा वेष घेऊन मरणाला सामोरा गेलेला नेबापूरचा शिवा काशीद, खिंड अडवून धरणारे बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे यांची आठवण या चिखलवाटा जागी ठेवतात. ही वाट चालून आलेल्या मुलामुलींच्या पायांना फोड आलेले असतात. पण डोळ्यांत एक नवा प्रश्न असतो. सह्याद्री पाहिला, हिमालय कधी पाहायचा?

हा प्रश्न घरात निघाला, की बहुतेक ठिकाणी तो दोन वाक्यांत मिटवला जातो. ‘ते श्रीमंतांचे शौक, आपल्याला परवडणारे नाहीत,’ हे पहिले वाक्य. विचारणारी मुलगी असेल तर, ‘तुला कशाला हवे ते?’ हे दुसरे. गेल्या काही वर्षांत ही दोन्ही वाक्ये खोटी ठरली आहेत. ती खोटी ठरवणारी मुले कुठून आली, हे पालकांनी समजून घेतले पाहिजे.

२५ मे २०१४ रोजी मालावत पूर्णा ही आदिवासी मुलगी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. तेव्हा तिला चौदावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. आजच्या तेलंगणातील पाकाला गावच्या शेतमजूर आईबापांची ही लेक. तिच्याबरोबर साधनापल्ली आनंदकुमार हा दलित विद्यार्थी होता; त्याचे वडील सायकल दुरुस्तीचे काम करीत. दोघांनी तिरंग्याबरोबर बाबासाहेबांचे छायाचित्रही सोबत नेले होते. दोघेही समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळांत शिकत होते. तेथील मुलांची आधी भोंगीरच्या कातळावर परीक्षा झाली. त्यातून निवडलेल्यांना दार्जिलिंगच्या संस्थेत शिक्षण मिळाले आणि मग लडाखच्या हिवाळ्यात सराव झाला. तेव्हा कुठे एव्हरेस्ट!

आपल्या महाराष्ट्रातही असे घडले आहे. मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ या शासकीय उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती. आणि खुद्द कोल्हापूरची कस्तुरी सावेकर? २०२१ मध्ये खराब हवामानामुळे तिला शिखर न गाठताच परतावे लागले. ती खचली नाही. १४ मे २०२२ रोजी तिने एव्हरेस्टवर पाऊल ठेवले.

पूर्णा आणि आनंदच्या यशामागे श्रीमंत बाप नव्हता, वसतिगृह होते. दोन वेळचे जेवण, अंथरूण आणि मुलाची जात-पात न बघता त्याच्या छातीतला दम बघणारा शिक्षक, एवढे मिळाले आणि मुले जगाच्या माथ्यावर गेली. वसतिगृहाचे मोल कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या नगरीत वसतिगृहे उभी केली. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ सालचे. त्या वसतिगृहांनी खेड्यातल्या पोराला शाळेची पायरी दाखवली. आज तीच पायरी पुढे डोंगरावर का जाऊ नये?

शिकायचे कुठे?

हिमालयात जायचे म्हणजे एकदम एव्हरेस्टच, असे मुळीच नाही. पहिली पायरी म्हणजे गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम. दार्जिलिंगची संस्था १९५४ साली, मनालीची १९६१ साली आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ साली सुरू झाली. साधारण चार आठवड्यांच्या या अभ्यासक्रमात दोरांच्या गाठी, कातळावरची चढाई, बर्फावर कुऱ्हाडीच्या आधाराने चालणे आणि घसरल्यास स्वतःला थोपवणे शिकवतात. राहणे, जेवण आणि साहित्य संस्थाच पुरवते, त्यामुळे महागडे बूट-दोर विकत घेण्याची गरज नसते. वयाची अट असते आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. जागा मर्यादित असल्याने अर्ज बराच आधी करावा लागतो. उत्तम श्रेणी मिळाली, तरच पुढच्या अभ्यासक्रमाचे दार उघडते.

बर्फावर घसरण्याचा खेळ, म्हणजे स्कीइंग, शिकायचा असेल तर काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडमधील औली आणि मनालीजवळचे सोलंग ही ठिकाणे आहेत. जानेवारी ते मार्च हा हंगाम. पायाला लांब पट्ट्या बांधून उतारावर सुटायचे. पण पहिला धडा वेगाचा नसतो, थांबण्याचा असतो. पट्ट्यांची टोके जवळ आणि टाचा दूर ठेवल्या, की वेग कमी होतो. या स्थितीला ‘बर्फाचा नांगर’ म्हणतात. शेतकऱ्याच्या पोराला तो जमायला कितीसा वेळ लागणार!

उंचीशी कुस्ती नको

आता थोडे धोक्याविषयी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, पन्हाळा साडेनऊशेच्या वर आणि महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई १,६४६ मीटर. हिमालयात पहिला मुक्कामच अनेकदा याच्या दुप्पट उंचीवर पडतो. साडेपाच हजार मीटरवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्मा होतो. तालमीत रोज शेकडो जोर-बैठका मारणारा पैलवानही तेथे आजारी पडू शकतो. कारण हे दुखणे ताकद पाहत नाही, चढण्याचा वेग पाहते.

म्हणून तीन हजार मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची दिवसाला तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही पहिली सूचना. तेव्हा पुढे चढू नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर रात्र असो की पाऊस, ताबडतोब खाली उतरावे. त्यासारखे दुसरे औषध नाही. दुखणे लपवणारा शूर नसतो. तो सगळ्या तुकडीला संकटात घालतो. आणि सारे नियम पाळूनही डोंगर कधी कोपतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘द्रौपदी का दांडा’ या शिखरावर उत्तरकाशीच्या संस्थेची तुकडी हिमप्रपातात सापडली आणि दोन डझनांहून अधिक जणांचा बळी गेला. पालकांनी हेही जाणून घेऊन मगच संमती द्यावी.

आणखी एक गोष्ट मुलांच्या कानावर घालावी. शिखरावरचे छायाचित्र एकाचे निघते. पण दोर आधी बांधणारे, तंबू आणि शिधा वाहणारे हात दुसऱ्यांचेच असतात. १९५३ साली एडमंड हिलरी यांच्यासह एव्हरेस्टवर प्रथम पोहोचलेले तेनझिंग नोर्गे यांनी १९३५ च्या मोहिमेत ओझी वाहण्यापासूनच सुरुवात केली होती. पूर्णा शिखरावर पोहोचली त्याच्या महिनाभर आधी, १८ एप्रिल २०१४ रोजी, एव्हरेस्टच्या नेपाळकडील बाजूस कोसळलेल्या बर्फाने १६ नेपाळी कामगारांचा जीव घेतला. ज्याच्या पाठीवर आपले ओझे असते, त्याला नावाने हाक मारावी, त्याने जेवण केले का ते विचारावे आणि त्याची मजुरी घासाघीस न करता चुकती करावी. कष्टकऱ्यांच्या घरात वाढलेल्या आपल्या मुलांना हे कुणी शिकवायला नको. तरीही सांगावे.

पालकहो, सुरुवात घरापासून होते. मुलाबरोबर मुलीलाही पावनखिंडीच्या वाटेवर पाठवा. वसतिगृहांच्या चालकांनी वर्षातून दोनदा तरी मुलांना गडावर न्यावे आणि ज्यांचा दम टिकतो त्यांची नावे लिहून ठेवावीत. आपली मंडळे दरवर्षी जयंतीला मंडप आणि ध्वनिक्षेपकावर मोठा खर्च करतात. त्यातील थोडी रक्कम बाजूला काढून एका मुलीचे अभ्यासक्रमाचे शुल्क आणि प्रवासखर्च भरला तर? चार आठवड्यांनी ती पोर हातात प्रमाणपत्र घेऊन वस्तीत परत येईल, तेव्हा तिच्यामागे पुढच्या वर्षी जाण्यासाठी दहा मुली उभ्या असतील.