सातपुड्याच्या झाडांचे सरबत : घरापुरते आणि धंद्यापुरते

थंडी ओसरली की यावलच्या उत्तरेला सातपुड्यात पळस फुलतो. पाठोपाठ मोहाची फुले गळतात आणि बेलफळ पिकते. आम्ही कापडवाले पळसाला रंगाचे झाड म्हणून ओळखतो. याच्या फुलांचा पिवळा रंग पूर्वी कापडाला देत. पण त्याचे सरबतही होते. २०२५ साली रमजान मार्चमध्ये, ऐन पळसाच्या दिवसांत आला. इफ्तारला रंगीत बाटलीऐवजी हे का नसावे?

पळस : फुले सावलीत वाळवावीत. मूठभर फुले सकाळी पाण्यात भिजवून सायंकाळी गाळावीत व खडीसाखर घालावी.

बेल : पिकलेले फळ फोडून गर तासभर भिजवावा, हाताने कुस्करून गाळावा. बिया चिरडू नयेत, कडवटपणा उतरतो. गूळ, जिरे व चिमूटभर मीठ पुरे.

मोह : येथे सावधान! फुलात साखर भरपूर असते. हवेतील खमीर लागले की ती आंबून नशा चढते. मी एकदा उकळलेला रस रात्रभर तसाच ठेवला; सकाळी फेस आला होता. सगळा ओतून दिला. म्हणून ताजी फुले धुऊन उकळावीत आणि रस त्याच दिवशी संपवावा.

आता व्यवहाराचे. हा माल पावरा व आपले तडवी बंधू गोळा करतात. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांची मालकी मानली आहे. तेव्हा माल त्यांच्याकडूनच, रोखीने आणि चोख काट्यावर घ्यावा. यावल अभयारण्य १९६९ पासूनचे आहे; तेथून परवानगीशिवाय स्वतः काही उचलणे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा ठरतो.

घाईही करू नये. चारोळी आपल्या शीरखुर्म्याची शान. पण दुसरा नेईल या भीतीने फळ कच्चेच तोडले तर गर भरत नाही, फांद्या मोडतात. मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवा लागतो. व्यापाऱ्याने पिकलेल्या आणि न जाळता वेचलेल्या मालाला दोन रुपये जास्त दिले, तर वेचणारा थांबेल.

सरबत बाटलीत भरून विकायचे असेल तर अन्न सुरक्षा कायदा २००६ खाली नोंदणी लागते. आधी एक हंगाम घरी करून पाहावे, मग दुकानात ठेवावे. झाड राहिले तरच पुढच्या वर्षी माल आहे आणि धंद्यात बरकत आहे.