शंभर: गोल्फचा हँडिकॅप, तळोद्याचा मित्र आणि एक वाळकी काडी

बसमध्ये इयरफोन विसरलेल्यांसाठी आणि दिवसाचा डेटा संपलेल्यांसाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना मी जे 'अं... म्हणजे' करत बसतो, ते काढलंय. बाकी तसंच आहे.

आजचा विषय गोल्फ. हसू नका. मी तळोद्याचा. मागे सातपुडा, पुढे ऊस, केळी, पपई. गोल्फचा बॉल मी पहिल्यांदा हातात घेतला तो पुण्यात नोकरी लागल्यावर. आमच्याकडच्या पोरांना 'गोल्फ क्लब' म्हटलं की नाशिकचं मैदान आठवतं आणि तिथे रणजीचे सामने होतात. त्यामुळे माझा शाळेतला मित्र पुण्याला आला आणि मी म्हटलं, "उद्या सकाळी गोल्फ खेळायला जातोय, चल," तेव्हा तो म्हणाला, "बॅट आणू का?"

परवानगी काढून त्याला सोबत घेतलं. खेळणारे आम्ही चौघं, सगळे एकाच ऑफिसातले. त्यातली आमची टेस्टर लहानपणापासून वडिलांसोबत खेळत आलेली. बाकीचे दोघं बरे. आणि मी, सेकंडहँड क्लब घेऊन दोन वर्षं झाडांमध्ये बॉल शोधणारा.

पहिल्या होलवरच मित्राने विचारलं, "ही एवढी भारी खेळते, मग तुम्ही हिच्याशी खेळता कशाला? हरायला?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. क्रिकेटमध्ये गल्लीतल्या पोराला रणजीच्या बॉलरसमोर उभं केलं तर तीन बॉलांत खेळ संपतो. गोल्फमध्ये तसं होत नाही, कारण इथे हँडिकॅप असतो.

आधी साधं गणित. कोर्सवर 18 होल. प्रत्येक होल किती फटक्यांत संपवावा याचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. तो तीन, चार किंवा पाच. आमच्या कोर्सची बेरीज 72. पारपेक्षा एक जास्त लागला तर बोगी, एक कमी लागला तर बर्डी. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. टेस्टरचा हँडिकॅप 8, माझा 30. म्हणजे शेवटी तिच्या एकूण फटक्यांतून 8 वजा करायचे, माझ्यातून 30. उरलेले आकडे एकमेकांशी भिडवायचे. झालं, आता मॅच बरोबरीची.

पण हे 30 कुठून आले? इथे मला इंजिनिअर म्हणून मजा येते. 2020 पासून जगभर एकच पद्धत आहे. तुमचे शेवटचे 20 स्कोअर घ्यायचे. कोर्स किती अवघड होता त्याप्रमाणे प्रत्येक स्कोअर दुरुस्त करायचा. मग त्यातले सर्वांत चांगले 8 निवडून फक्त त्यांची सरासरी काढायची. बाकी 12 दिवस सोडून द्यायचे. थोडक्यात, हँडिकॅप म्हणजे तुमचा रोजचा खेळ नाही. चांगल्या दिवशी तुम्ही काय करू शकता, त्याचा तो आकडा आहे. म्हणूनच बहुतेक वेळा माणूस स्वतःच्या हँडिकॅपपेक्षा वाईट खेळतो आणि वैतागतो. मीसुद्धा.

मित्राला हे पटलं. पुढे मात्र त्याने नेमक्या जागी बोट ठेवलं. "हे स्कोअर लिहितं कोण?"

आपणच. क्लबातल्या रोजच्या खेळाला अंपायर नसतो. तुमचं कार्ड सोबतचा खेळाडू भरतो, पण प्रत्येकाचा बॉल वेगळ्या झाडाखाली, तो किती बघणार? बॉल हरवला तर शोधायला तीन मिनिटं मिळतात (2019 च्या आधी पाच होती), आणि ती मोजायचीही तुम्हीच. सगळी सिस्टिम तुम्ही दिलेल्या डेटावर चालते. डेटा खोटा, तर हँडिकॅप खोटा, आणि मग मॅचला काही अर्थच नाही.

जागेबद्दल आणि पैशाबद्दल मित्र बरंच बोलला. "एवढ्या जमिनीत पपई लावली असती तर?" हे त्याने तीनदा विचारलं आणि तीनही वेळा माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा खेळ आपल्याकडे महागच आहे. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडी होता, म्हणजे दुसऱ्यांच्या बॅगा उचलणारा. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. मुंबईत चेंबूरच्या कोर्सवर कॅडीचं काम करणाऱ्या पोरांनी तर वस्तीतल्या गल्ल्यांतच गोल्फ सुरू केला, वाकवलेल्या लोखंडी सळईचा क्लब करून. आमच्यासोबतच्या कॅडीकाकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "त्यात काय विशेष? आम्ही पण तसेच शिकलो."

आता त्या दिवसाचं. तोवर मी एकदाही शंभराच्या खाली आलो नव्हतो. हौशी गोल्फरसाठी शंभर हा पहिला डोंगर. तिथून खाली उतरलं की आपण 'खेळतो' असं लोकांना सांगता येतं. सोळा होलनंतर माझे 88 झाले होते. दोन होल बाकी, अकरा फटके हातात. आपण बेरीज करायला लागलो की हात जड होतात, हे गोल्फचं एक वैशिष्ट्य.

सतरावा, पार चार. माझा पहिला फटका उजवीकडे रफमध्ये, झाडाखाली गेला. बॉलला लागून एक वाळकी काडी पडलेली. ती उचलायला परवानगी असते. मी उचलली आणि बॉल हलला. अर्धा इंच असेल. वारा नव्हता. काडी काढताना बॉल हलला तर एक फटका दंड, आणि बॉल परत मूळ जागी ठेवायचा, असा नियम आहे.

बाकी तिघं पलीकडे. कॅडीकाका दुसऱ्याचा बॉल शोधत होते. जवळ फक्त मित्र.

"हलला का?" मी विचारलं.

"कुठे हलला? गवत हललं." मग हळूच, "अरे भाऊ, कोणी पाह्यलं? मार ना."

खरं सांगतो, मी मारायला उभाही राहिलो. डोक्यात बॉबी जोन्स वगैरे काही नव्हतं. तो नंतर आठवला. 1925 च्या यूएस ओपनमध्ये त्याचा बॉल असाच किंचित हलला. कुणाला दिसलं नाही, तरी त्याने स्वतःवर एक फटका लावून घेतला. स्पर्धा बरोबरीत सुटली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. जगातला मोठा खेळाडू आणि निवृत्त होईपर्यंत हौशीच राहिला. माझ्या डोक्यात मात्र एकच होतं. हा शंभराच्या खालचा आकडा पुढे 20 जणांच्या रांगेत बसणार, कदाचित त्या आठांमध्येही जाणार, आणि मला दर वेळी तो दिसला की काडीच दिसणार. मी बॉल परत जागेवर ठेवला.

तिथून मारून ग्रीनच्या अलीकडे. एक छोटा फटका ग्रीनवर. दोन पट. होल संपला तेव्हा टेस्टरने कार्ड काढलं. "पाच ना?"

"सहा. काडी काढताना हलला."

तिने वर बघितलंसुद्धा नाही. सहा लिहिलं आणि पुढे चालायला लागली. मित्र माझ्याकडे असा बघत होता, जणू मी खिशातले पाचशे रुपये नाल्यात टाकले.

88 आणि 6, 94. अठरावा पार पाच. पाचात संपवला असता तरी 99 झाले असते. पाचवा फटका सहा फुटांवरून होता. गोल्फचं भोक फक्त सव्वाचार इंचांचं. बॉल त्याच्या काठावर फिरला आणि बाहेर आला. सहावा आत गेला.

शंभर.

टेस्टरचे 78, वजा 8, म्हणजे 70. माझे 100, वजा 30, म्हणजे 70. बरोबरी. काडी जागेवर राहिली असती तर मी शंभराच्याही खाली असतो आणि तिला हरवलंही असतं. उरलेले दोघं हरल्यामुळे मिसळीचं बिल त्यांच्यावर गेलं. मित्राने दोन प्लेट खाल्ल्या आणि बिलाकडे बघून म्हणाला, "हँडिकॅप मला पण पाहिजे."

रात्री फोन बघितला. तळोद्याच्या ग्रुपवर त्याने माझा कार्डासकट फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'आपल्या भाऊने पुण्यात गोल्फमध्ये सेंच्युरी मारली.' त्यावर फुलं, टाळ्या, 'पार्टी कधी'. मी समजावून सांगायला टाइप करायला घेतलं होतं. तेवढ्यात आमच्या पीटीच्या सरांचा मेसेज आला, 'शाब्बास बेटा. आता डबल कर.'

मी टाइप केलेलं पुसलं आणि 'हो सर' लिहिलं.