त्रू द कोशोंमधला एक दिवस

साल 1947. हैतीतल्या पोर्ट-ओ-प्रिन्समधली समुद्राकाठची गरीब वस्ती, त्रू द कोशों. इथल्या एका झोपडीत हेक्टर इपोलित राहतो. वय पन्नाशीच्या पुढे. चित्रकलेच्या शाळेचा उंबरठा कधी ओलांडलेला नाही. त्याच्या दिवसाच्या वेळा मी अंदाजाने लावल्या आहेत, कामं त्याचीच.

पहाटे 5. आधी देव. इपोलित वूडू धर्माचा हुंगान, म्हणजे पुजारी. घराण्यात हे काम तीन पिढ्यांचं. समुद्राची देवता ला सिरेन हिच्याशी आपलं लग्न झालं आहे, असं तो सांगतो. यावर कुणी हसू नये. 1941-42 मध्ये कॅथलिक चर्चने वूडूविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा ढोल आणि पूजेच्या वस्तू जाळल्या गेल्या. त्यानंतर पाचसहा वर्षांतच हा माणूस त्याच देवता उघडपणे रंगवतो आहे.

सकाळी 7. उजेड आला की पुठ्ठा पुढ्यात. फर्निचरला लावायचा एनॅमल रंग, ब्रश, कधी बोटं. ब्रश नव्हते तेव्हा कोंबडीच्या पिसांनीही त्याने रंगवलं. लढाईचा देव ओगू, प्रेमाची देवता एर्झुली, आणि रिकामी राहील ती जागा फुलांनी भरलेली. हात अडखळत नाही, कारण तो तयार आहे. पूजेआधी हुंगान जमिनीवर पिठाने वेवे काढतो, आपल्याकडे रांगोळी सोडतात तशी चिमटीतून. त्यात रेघ चुकवून चालत नाही. शिवाय पोटासाठी इपोलितने घरं रंगवली, फर्निचर रंगवलं. मोंत्रुई गावातल्या एका बारच्या दारावर त्याने काढलेली फुलं-पक्षी पाहूनच डेविट पीटर्स या अमेरिकन शिक्षकाला त्याचा शोध घ्यावासा वाटला. पीटर्सने 14 मे 1944 रोजी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये सेंत्र दार सुरू केलं. ही संस्था चित्रकारांना साहित्य पुरवते, त्यांची चित्रं विकते.

दुपारी 12. ऊन. काम थांबतं.

दुपारी 3. वाळलेलं चित्र सेंत्र दारकडे. तिथेच कवी आंद्रे ब्रेतों आणि क्यूबाचा चित्रकार विफ्रेदो लाम यांनी त्याची चित्रं विकत घेतली. याच वर्षी पॅरिसला युनेस्कोच्या प्रदर्शनातही ती लागली आहेत. कौतुक करणाऱ्यांना त्याच्यात दैवी चमत्कार दिसतो. मला ते पटत नाही. त्यात त्याची वर्षानुवर्षांची मेहनत पुसली जाते. दारं रंगवून आणि वेवे काढून बसलेला हात हेच त्याचं शिक्षण.

संध्याकाळी 6. अंधार पडेपर्यंत होडीचं काम. चित्रांच्या पैशातून तो स्वतःची होडी बांधतो आहे.

1948 साली इपोलित वारला. सेंत्र दारसाठी त्याने जेमतेम तीनेक वर्षं काम केलं, आणि तेवढ्यात काढलेली चित्रं शेकड्यांत मोजावी लागतात. ‘द काँगो क्वीन’ हे त्यातलं एक न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. जमेल तेव्हा जरूर पाहा.